घोळ : एक दुर्लक्षित रानभाजी

मृगाच्या सरी पडून गेल्या, की हैदराबादच्या मोकळ्या जागांत, बागेच्या वाफ्यांत, अगदी फरशीच्या फटींतही मांसल पानांची आणि तांबूस देठांची एक वनस्पती जमिनीलगत पसरू लागते. हीच आपली घोळ. तेलुगू घरांत ती ‘गंगवायल कूर’ या नावाने पप्पूत, म्हणजे डाळीत शिजते. दखनीत ‘कुल्फा’ होऊन मटणात पडते. तर मराठी गृहिणी तिची ताकातली भाजी करते.

जहीराबादजवळील पस्तापूर येथे १९८३ पासून कार्यरत असलेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीतील शेतकरी महिलांनी, न पेरता उगवणाऱ्या अशा भाज्यांचे मोल सातत्याने मांडले आहे. शेतात तणनाशक फवारले, की गरिबाच्या ताटातील ही विनामूल्य भाजी प्रथम नाहीशी होते.

१९८६ मध्ये डॉ. आर्टेमिस सिमोपूलॉस व नॉर्मन सेलम यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये घोळीतील ओमेगा-३ मेदाम्लांकडे लक्ष वेधले. मात्र हे मेदाम्ल प्रामुख्याने अल्फा-लिनोलेनिक स्वरूपाचे असते आणि शरीरात त्याचे माशांतील मेदाम्लांत रूपांतर अल्प प्रमाणातच होते. म्हणून घोळ हा उत्तम आहार आहे, हृदयरोगावरील औषध नव्हे.

दुसरी बाजूही आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी ध्यानी घ्यावी. घोळीत ऑक्झलेट विपुल असते. शंभर ग्रॅम कच्च्या पाल्यात सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. ऑक्झलेटचे मूतखडे वारंवार होणाऱ्यांनी ती टाळणे बरे. मूत्रपिंडे दुर्बल झालेल्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याविना खाऊ नये. इतरांच्या बाबतीत जुनी पाककृतीच शहाणी ठरते : ताकातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून दिल्यास ऑक्झलेट व पोटॅशियम दोन्ही घटतात.

खुडताना देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला, तर ती घोळ नव्हे, दुधीच्या जातीची वनस्पती समजावी. मुसीकाठची, रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या जागेची भाजी घेऊ नये.

रुग्णाचा पूर्वेतिहास घेताना आपण तंबाखू, मद्य, औषधे यांची चौकशी करतो. पावसाळ्यात त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालू या : “घरी कोणती रानभाजी होते?” उत्तर ऐकून कोणाला मनाई करावी लागेल; पण बहुतेकांना आपण निःशंकपणे म्हणू शकू, “अवश्य खा, ताकात शिजवून खा.”