वस्तुपाठ

वस्तुपाठ : नित्य वापरातील वस्तू बालकांच्या हाती देऊन ती कोणत्या पदार्थाची बनली आहे व त्या पदार्थाचे गुणधर्म कोणते, हे प्रत्यक्ष अनुभवातून शिकविण्याची पद्धती. वस्तू व तिचा पदार्थ यांतील भेद प्रौढांस उघड वाटतो. बालकास तो शिकावा लागतो. बालक वस्तू आकारावरून व उपयोगावरून ओळखते. पेला काचेचा, पितळेचा वा प्लॅस्टिकचा असू शकतो, ही जाणीव नंतरची होय. ‘आईची वाटी’ व ‘पितळेची वाटी’ यांत प्रत्यय एकच असल्याने मालकी व घडण यांतील फरक केवळ शब्दांवरून कळत नाही. काही नावे तर दिशाभूल करतात, उदा., शिसपेन्सिलीत शिसे नसून ग्रॅफाइट व चिकणमाती यांचे मिश्रण असते.

शब्दांपूर्वी निरीक्षण यावे, हे तत्त्व स्विस शिक्षणतज्ज्ञ योहान हाइन्‍रिख पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) यांनी मांडले. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ मेयो यांनी १८३० च्या सुमारास वस्तुपाठांचे क्रमवार पुस्तक तयार केले. पद्धतीचा प्रसार झाला, तसा तिचा ऱ्हासही झाला. अनेक शाळांत गुणधर्मांची यादी पाठ करून घेतली जाऊ लागली. काच हाती न घेताच ती ‘पारदर्शक व ठिसूळ’ असल्याचे मूल म्हणू लागले, की वस्तुपाठाचा हेतूच नष्ट होतो.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी (सध्याचा पालघर जिल्हा) येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने व माती आली. खर्च तर वाचलाच. शिवाय पदार्थ कोठून येतो, हेही मुलाला परिसरातच दिसू लागले.

शहरातील मुलापुढे वस्तू बहुधा तयार स्वरूपातच येते, त्यामुळे हा दुवा मुद्दाम जोडावा लागतो. मुंबई उपनगरात अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडी ही सु. ६० मी. उंचीची काळ्या बेसाल्टची आहे. ती पाहून आलेल्या मुलाच्या हाती काळ्या दगडाचा वरवंटा दिल्यास डोंगर व घरातील वस्तू यांचा संबंध त्याला कळतो.

प्रत्यक्ष पाठात प्रथम एकाच पदार्थाच्या अनेक वस्तू, नंतर अनेक पदार्थांची एकच वस्तू व शेवटी छत्रीसारखी मिश्र घडणीची वस्तू घ्यावी. वर्गीकरणानंतर कारण विचारावे : तव्याची मूठ लाकडी का ? लोखंडी खिळा बुडतो, पण रिकामा पत्र्याचा डबा तरंगतो. यावरून कोणता गुण पदार्थाचा व कोणता आकाराचा, हा प्रश्न मुलांसमोर उभा राहतो. फुटक्या काचा, धारदार पत्रे व गिळता येण्याजोग्या बारीक वस्तू मात्र वर्ज्य कराव्यात. मुलाचे उत्तर चुकल्यास ते लगेच न सुधारता वस्तू पुन्हा त्याच्या हाती द्यावी.