संसार आणि इंधन : लेखांक सहावा – टाकी फुल

स्वयंपाकघरातील इंधनाचा विचार गेल्या लेखांकात झाल्यावर अंगणात उभ्या असलेल्या वाहनाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. आणि त्यासाठी २०२४ सालच्या पहिल्या दोन दिवसांइतके बोधप्रद उदाहरण आपल्या नगर जिल्ह्यास क्वचितच सापडेल. अपघातानंतर खबर न देता पसार होणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात झाल्याने मालवाहू गाड्यांचे चालक संपावर गेले, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या आगारांतून तेल वाहणारे टँकरचालकही त्यांत सामील झाले, आणि पाहता पाहता नाशिकपासून नगरपर्यंत पंपांवर रांगा लागल्या.

वास्तविक तेल मुबलक होते. मुंबईहून जमिनीखालच्या नळाने ते पानेवाडीस येते. खंड पडला होता तो तेथून पंपापर्यंतच्या वाहतुकीत. असे असता पंप काही तासांत कोरडे का पडावेत, याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. एरव्ही ‘शंभरचं टाक’ म्हणणारा दुचाकीस्वार लिटरभरही तेल नेत नाही. तोच इसम त्या दिवशी ‘टाकी फुल’ म्हणाला की आठ-नऊ लिटर नेतो, आणि रोजच्या खपाच्या बेताने भरलेला पंपाचा साठा त्याच्यासारख्या शेकडो गिऱ्हाइकांपुढे टिकत नाही. टंचाईच्या भयाने टंचाई निर्माण झाली ती अशी. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलणी करून, चर्चेवाचून ते कलम अमलात येणार नाही असे आश्वासन दिले आणि संप मिटला; म्हणजे दोन दिवसांच्या अडचणीसाठी कित्येकांनी पंधरवड्याची बेगमी केली होती!

याउलट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून, पेट्रोल नियंत्रणाखाली मोजून मिळू लागले आणि बसगाड्यांच्या पाठीस कोळशाची भट्टी लावून तिच्या वायूवर त्या चालविण्याची पाळी आली. टंचाई तेव्हाची कितीतरी कठोर. परंतु प्रत्येकाचा वाटा सरकारदरबारी ठरलेला असल्याने शेजाऱ्याच्या आधी पंप गाठण्याची निकड नव्हती. हा वाटा सरकार ठरवून देत नाही तेव्हा कुटुंबाने तो स्वतःपुरता ठरवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

राज्यातील सर्वांत विस्तीर्ण अशा या जिल्ह्यात, सतरा हजार चौरस किलोमीटरांच्या पसाऱ्यात, हे बोलणे सोपे, आचरणे अवघड. नगर शहरातील नोकरदारास रिक्षा मिळेल, चार पावले चालताही येईल. पण पाथर्डी-जामखेडकडे गावापासून दूर वस्तीवर राहणाऱ्या घरास एसटीचा फाटाच दोन-तीन कोसांवर असतो, आणि गाईचे दूध संपाची वाट पाहत थांबत नाही. अशा घरात रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी मिळून दुसऱ्या दिवसाच्या फेऱ्यांचा जमाखर्च मांडावा. आजारी माणसास दवाखान्यात नेण्यापुरते तेल प्रथम बाजूस काढावे आणि त्यास थोरल्या मुलानेही हात लावू नये. दूध केंद्रावर नेण्याची पाळी शेजारच्या दोन वस्त्यांशी वाटून घ्यावी. कॉलेजच्या मुलीस फाट्यावर सोडणाऱ्याने येताना किराणा आणि औषधे आणावीत. लग्नाची बोलणी, बाजाराची हौस, नुसते ‘जाऊन येतो’ हे तहकूब करता येते. घरातील कर्त्या पुरुषाच्या फेऱ्यांनाच अधिक कात्री लागते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. बायकांच्या फेऱ्या मुळातच कामापुरत्या असतात.

राहिला प्रश्न घरी कॅन भरून ठेवण्याचा. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल तीस लिटरांपर्यंत परवान्यावाचून बाळगण्यास १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याची मुभा आहे, हे खरे. परंतु ते घट्ट बुचाच्या भांड्यात असावे लागते, आणि तेही काचेचे किंवा चिनीमातीचे असल्यास लिटरभराचे, धातूचे असल्यास पंचवीस लिटरांपर्यंतचे. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीस त्यात स्थान नाही. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंत पोहोचते. चूल, देव्हारा आणि धान्याच्या कणग्या एकाच छपराखाली असलेल्या घरात ही मुभा न वापरणेच इष्ट. ट्रॅक्टरच्या डिझेलची गोष्ट निराळी आहे. तिचा विचार पुढील लेखांकात करू.