उग्र वास चरबीत असतो, मसाल्याने जात नाही

बेल्लमपल्ली हे तेलंगणातलं, सिंगरेणीच्या कोळशाचं गाव. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरचं, पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातलं आणि 2016 पासून मंचेरियाल जिल्ह्यातलं. जन्नारमकडे गेलं की कवाल व्याघ्र प्रकल्पाचं रान लागतं आणि प्राणहिता ओलांडली की सिरोंचा. आज महाराष्ट्रात असलेले राजुरा आणि किनवट हे तालुके 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे या पट्ट्यात तेलुगू आणि मराठी चुलींची ओळख जुनी आहे. रान इतकं उशाशी असलं की एक प्रश्न दोन्ही भाषांत निघतो: रानातल्या मांसाचा उग्र वास कसा घालवायचा?

पाककृतीआधी कायदा सांगितला पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा आहे. रानडुक्कर, ससा, हरीण, मोर, तितर यांची शिकार त्यानुसार गुन्हा ठरते आणि मारलेला प्राणी, त्याच्या मांसासह, सरकारची मालमत्ता होतो. 2022च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. पिकात घुसणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी काही राज्यं ठरावीक अटींवर देतात, पण ती पीक वाचवण्यासाठी असते, पातेल्यासाठी नाही. रानडुकरासाठी शेताकडेला विजेची जिवंत तार लावतात, तिला चिकटून या भागात वाघही मेले आहेत आणि माणसंही. चोरून आलेल्या त्या मांसाची कुणी तपासणी केलेली नसते. डुकराच्या मांसातून पट्टकृमीसारखे कृमी माणसात येतात, हा धोका वेगळाच. म्हणून रानातलं मांस घरात आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही प्रश्न संपत नाही, कारण तोच वास कायद्याच्या चौकटीतल्या मांसालाही येतो. पोचम्मासारख्या गावदेवीला वाहिलेला बोकड बहुधा अंडील आणि पुरता वाढलेला असतो. त्याचं मटण घरी आलं की परातीतूनच वास सुटतो. मग आलं-लसूण दुप्पट होतं, गरम मसाला तिप्पट होतो आणि ताटात शेवटी मसाल्याच्या आडून बोकडच डोकावतो. बायाबापड्यांचे कष्ट आणि पैसा दोन्ही वाया जातात, याचं मला वाईट वाटतं, कारण दोष त्यांच्या हाताचा नसतो.

हा वास येतो कुठून? बोकडाच्या आणि मेंढ्याच्या चरबीत फांद्या फुटलेली काही मेदाम्लं साठतात. त्यांतलं चार-इथाइल-ऑक्टॅनॉइक आम्ल इतकं तीव्र असतं की अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतं. वय वाढेल तसं आणि नराच्या संप्रेरकांच्या जोरावर त्याचं प्रमाण वाढतं. लहान वयात खच्ची केलेल्या बोकडात ते बरंच कमी राहतं. 2014 साली जपानी संशोधकांनी बोकडाच्या गंधातून त्याच कुळातलं एक द्रव्य वेगळं काढलं आणि त्याच्या वासाने शेळीच्या मेंदूतलं प्रजननाचं केंद्र जागं होतं हे दाखवून दिलं. म्हणजे आपल्याला नकोसा वाटणारा हा वास बोकडाच्या दृष्टीने त्याची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. अंडील डुकराच्या मांसाला येणारा वास मात्र वेगळ्या द्रव्यांचा, अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल यांचा. तीही चरबीतच राहतात.

दुसरं कारण जनावराच्या शेवटच्या तासांत आहे. पळवलेलं, घाबरलेलं, उपाशी जनावर कापलं तर त्याच्या स्नायूंतली साखर आधीच संपलेली असते. मग मांसात नंतर जे आम्ल तयार व्हायला हवं ते होत नाही, मांस काळपट आणि चिकट राहतं आणि लवकर बिघडतं. शिकारीचं मांस जगभर उग्र लागतं त्याचं हे एक मोठं कारण आहे. जत्रेच्या गर्दीत दिवसभर ओढत नेलेल्या बोकडाचीही तीच गत होते. त्याला आदल्या रात्री सावलीत, पाण्याजवळ, शांत बांधून ठेवणं दयेचं आहे आणि चवीच्याही फायद्याचं.

कापतानाची एक गोष्ट बहुतेक घरांत दुर्लक्षित राहते. वासाची मोठी खाण कातडीवर असते. बोकडाच्या शिंगांमागे गंधग्रंथी असतात आणि माजावर आलेला बोकड स्वतःच्या दाढीवर, पुढच्या पायांवर मुततो. कातडी सोलणारा हात आणि तीच सुरी न धुता मांसाला लागली की तो वास मांसावर चढतो. सोलून झाल्यावर हात आणि सुरी साबणाने धुवायला दोन मिनिटं लागतात, आणि नंतरच्या कुठल्याही मसाल्याने होणार नाही इतका फरक पडतो.

जुन्या ग्रंथांनाही हे ठाऊक होतं. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ 1129च्या सुमाराचा. त्यात डुकराचं मांस रांधण्याआधी डुकराच्या अंगावर पांढरं कापड घालून कढत पाणी ओतावं आणि केस काढावेत, किंवा माती लिंपून गवताच्या जाळावर केस जाळावेत, असं तपशिलाने सांगितलं आहे. आधी केस आणि कातडीचा बंदोबस्त, मग रांधणं. खूर-मुंडी जाळावर भाजून, खरवडून, हळद चोळून घेण्याची आपली रीत याच शहाणपणाची आहे.

आता स्वयंपाकघर. पहिलं हत्यार सुरी. वरची पिवळट, जाड चरबी काढून टाकायची, पडदे सोलायचे आणि मांडीच्या चरबीत दडलेल्या करड्या गाठी शोधून काढायच्या. या लसिकाग्रंथी असतात. त्या शिजल्या की कडवट वास देतात. चव हवी असेल तर नंतर तेल घाला, कोवळ्या जनावराची थोडी चरबी घाला, पण म्हाताऱ्या बोकडाची चरबी ठेवू नका. मग मांस थंड पाण्यात अर्धा तास ठेवून, पाणी बदलून, नीट निथळून घ्यायचं. हळद आणि मीठ चोळून काही तास, जमल्यास रात्रभर, शीतकपाटात झाकून ठेवायचं. किलोला साधारण पाव मूठ मीठ पुरतं. मीठ आतपर्यंत झिरपतं. दही, लिंबू, मसाला हे सगळं वरच्या थरातच राहतं.

लिंबाविषयी मोठा गैरसमज आहे. मासळीचा वास अल्कधर्मी अमाइनांचा असतो, त्याला लिंबू किंवा चिंच लावली की तो दबतो. बोकडाचा वास मुळात आम्लाचाच, त्यामुळे लिंबाने तो मरत नाही. तेलंगणात मटणात घालतात ती अंबाडी किंवा चिंच जिभेला आंबट चव देऊन उग्रपणा सह्य करते, एवढंच. आणि तेही कमी नाही. गोव्याच्या सोरपोतेलातल्या व्हिनेगरचंही तसंच. दह्यातलं लोणी आणि प्रथिनं मात्र चरबीत विरघळणारी काही गंधद्रव्यं धरून ठेवतात, म्हणून मुरवण्यासाठी दही लिंबापेक्षा बरं.

शिजवताना कुकरची घाई करू नये. उघड्या पातेल्यात, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता मांस पाणी आटेपर्यंत परतायचं. वाफेबरोबर बराच वास निघून जातो. फारच उग्र असेल तर आधी भरपूर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून ते पाणी ओतून द्यायचं. त्यात थोडी चवही जाते, तो सौदा मान्य करायचा. मग मसाला न घालता शिजवून रस्सा थंड होऊ द्यायचा. वर गोठलेली चरबी चमच्याने उचलली की वासाचा मोठा वाटा निघून जातो. ही युक्ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची आहे.

मसाला येतो तो यानंतर. नागपूरच्या हलबा कोष्टी घरांतून आलेला सावजी मसाला, त्यातला काळपट भाजलेपणा, मिरं, दगडफूल, लवंग हे उग्र मांसाला पेलतात. लवंगेतल्या युजेनॉलचा आणखी एक उपयोग आहे: ते चरबी खवट होऊ देत नाही. शिजलेलं मटण दुसऱ्या दिवशी गरम केलं की येणारा शिळा वास मांसातल्या लोहामुळे चरबीचं ऑक्सिडीकरण होऊन येतो. त्यामुळे लवंग-मिऱ्याचा रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक टिकतो. वासाचं मटण मात्र उरवण्यापेक्षा त्याच दिवशी संपवावं.

ज्यांना बोकडाचा वास मुळीच सोसत नाही त्यांनी मेंढीकडे वळावं, असं काही जण सुचवतात. पुण्याजवळच्या वाडेबोल्हाईच्या देवीचे भक्त तर शेळी-बोकड वर्ज्य मानून मेंढीच खातात. तेलंगणात 2019च्या पशुगणनेत एक कोटी नव्वद लाखांवर मेंढ्या मोजल्या गेल्या, देशात सर्वाधिक. त्यामुळे बेल्लमपल्लीत मेंढीचं मटण मिळायला अडचण नाही. पण मेंढ्यालाही त्याच आम्लांचा वास असतो आणि तो वयानेच वाढतो. जात बदलण्यापेक्षा वय पाहणं अधिक उपयोगाचं. पुढचे दोन मोठे दात फुटले की जनावर साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या पुढे गेलेलं असतं. त्याआधीचं किंवा खच्ची केलेलं जनावर मागा, सोलल्यावर हात धुवायला सांगा, मांडीतल्या गाठी काढून द्यायला सांगा. खाटीक हे आनंदाने करतो, फक्त गिऱ्हाइकाने मागितलं पाहिजे. आणि कुणी रात्री दारात येऊन रानडुकराचं मटण स्वस्तात देऊ लागला, तर त्याला परत पाठवा आणि वनविभागाला कळवा.