रेकॉर्डिंग कच्चं, गाणं पक्कं

मागच्या जयंतीच्या आधी वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन मी धुळ्याला बहिणीकडे बसलो होतो. भाचा आला नि मोबाईल पुढे धरला. त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी समाजमंदिरात बसून आठ गाणी रेकॉर्ड केली होती. एक ढोलकी, एक डफ, कुणाची तरी जुनी गिटार. ढोलकीची शाई उडालेली, एकाचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो, मध्येच बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न. शब्द मात्र अंगावर येणारे : रोजंदारी, भाड्याची खोली, ठेकेदाराकडची सफाईची नोकरी. ऐकून मी म्हणालो, "बाळा, आधी पक्कं कर, मग लोकांपुढे आण."

पोराने वाद घातला नाही. माझ्या मोबाईलवर एक इंग्रजी अल्बम टाकला आणि म्हणाला, "मामा, हाऊ बी जलसाच शे." लावून पाहिला. भांड्यांची आदळआपट वाटली. पण भाच्याचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून माहिती काढत गेलो.

हा अल्बम मँचेस्टरकडच्या पोरांचा निघाला. हे नाव खानदेशाला परकं नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला. तेव्हा मँचेस्टरच्या भोवतालच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस लागला आणि जळगावची बाजारपेठ वाढली. पुढे त्यांच्या गिरण्या ओस पडल्या. आपलीही खानदेश मिल बंद पडली, ते जळगावकरांना सांगायला नको.

तर १९७६ साली इंग्लंडात 'पंक' नावाचा गाण्याचा प्रकार आला. छोटी गाणी, मोठा आवाज, शिक्षण नसलं तरी वाजवा. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या मंडळींनी घरच्यांकडून, मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि २८ डिसेंबर १९७६ ला चार गाणी रेकॉर्ड केली. कंपनीच्या दारात उभे न राहता जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच तबकडी काढली. आधी हजार छापल्या, पुढे सोळा हजारांपर्यंत खपल्या. वर्गणी गोळा करणाऱ्या माणसाला हा हिशेब चटकन कळतो.

त्यामागून आला 'पोस्ट-पंक'. जिद्द तीच, पण चाल मोकळी : खर्जातली गिटार पुढे, दुसरी गिटार पात्यासारखी बारीक, शब्द अर्धे गायलेले, अर्धे बोललेले. शाहीर कडव्यांच्या मध्ये श्रोत्यांशी बोलतो ना, तसे. भाच्याने दिलेला अल्बम होता 'द फॉल' या बँडचा, १९७९ सालचा. त्यांचा गायक मार्क ई. स्मिथ हा साल्फोर्डच्या गोदीत कारकून होता! (कारकून म्हटल्यावर माझे कान टवकारले, हे कबूल करतो.) हा अख्खा अल्बम डिसेंबर १९७८ मध्ये एका दिवसात रेकॉर्ड झाला. खरवडून साफ करायला वेळच नव्हता.

पण इथे एक गोष्ट ध्यानात आली. ही मंडळी १९७७ पासून लोकांपुढे वाजवत होती. म्हणजे रेकॉर्डिंग एका दिवसाचं, गाणं दीड वर्षाचं. नुसता बेसूरपणा म्हणजे बंड नव्हे, आळशीपणाही असू शकतो. फरक एवढाच पाहायचा की गाणं आधी माणसांत तावून निघालं आहे का.

आपल्या जलशांचंही असंच. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा नाशिक भागातून फिरू लागला, तेव्हा कुठला स्टुडिओ होता? वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर शिकले, ३ मे १९४३ ला पहिलं गाणं लिहिलं आणि जन्मभर गावोगाव गात राहिले. अलीकडे ६ जानेवारी २०१८ ला चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड पहिल्यांदा लोकांपुढे उभा राहिला. वस्तीतलं 'गाना' संगीत आणि विजेवरची गिटार एकत्र. पंडित अयोतीदास यांच्या 'जातिविरहित तमिळ' या कल्पनेवरून त्यांनी नाव घेतलं. याच अयोतीदासांनी १८९८ साली बौद्ध संस्था काढली होती.

मग मी भाच्याला फोन केला. विचारलं, ही गाणी किती दिवसांपासून गाता? म्हणाला, दोन वर्षं. नाक्यावर, सफाई कामगारांच्या धरण्यावर, एकदा मयताच्या घरीही. हे मी आधी विचारायला हवं होतं.

आमच्या समितीत त्यावरून चांगलीच वादावादी झाली. दरवर्षी डीजेला जी रक्कम जाते त्यात खिडक्या थरथरतात, पण गाण्याचा एक शब्द कळत नाही. त्यातला चौथा हिस्सा या पोरांना द्यावा, असं मी मांडलं. एक काका म्हणाले, "असलं फाटकं ऐकवून समाजाची शोभा करायची का?" त्यांच्या वयाचा मान ठेवून सांगितलं, काका, तुम्ही लहानपणी ऐकलेला जलसा आठवा, तो गुळगुळीत होता का? काका गप्प झाले, पण हात वर केला नाही. ठराव दोन मतांनी कसाबसा मंजूर झाला.

१९३७ साली धुळे कोर्टात आलेले बाबासाहेब ज्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले होते, तिथे ३१ जुलैला भीमस्मृती यात्रा भरते. यंदा ही आठ गाणी पोरं तिथे समोर गाणार आहेत. तेवढी ढोलकीची शाई भरून घ्या, असं मी भाच्याला सुचवलं. तो नको म्हणाला.