एक मिनिट श्वासासाठी

रोग्याला भेटायला आलेला माणूस आधी कपाळाला हात लावून बघतो. ताप नाही म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. मग ‘बीपी किती?’ हा प्रश्न ठरलेलाच. पण ‘श्वास मिनिटाला किती?’ असं विचारणारा नातेवाईक माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला भेटला नाही.

यातली बरीच वर्षं मेल सर्जिकल वॉर्डात गेली. खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदाला आम्ही टीपीआर चार्ट म्हणतो. तापमान, नाडी आणि श्वास. पहिल्या दोहोंसाठी यंत्रं आली. श्वास मात्र साध्या वॉर्डात अजूनही डोळ्यांनीच मोजायचा आणि त्याला पुरतं एक मिनिट द्यायचं. रात्रपाळीला एकटीकडे तीस-चाळीस रोगी असले की ही मिनिटं आणायची कुठून? मग चार्टवर ओळीनं 20, 20, 20 दिसू लागतात. सगळ्यांनी एकाच तालात श्वास घ्यायला वॉर्ड म्हणजे काही भजनी मंडळ नव्हे!

खरं तर शरीर बिघडू लागलं की पहिली वर्दी बहुधा श्वासच देतो. न्यूमोनिया असो, जंतूंचं विष रक्तात भिनत असो की पोटात आतल्या आत रक्तस्राव होत असो, कुठे प्राणवायू कमी पडतो, कुठे रक्तात आम्ल साठतं आणि मेंदू श्वासाचा वेग वाढवतो. बीपी मात्र तेव्हा ठीक दिसू शकतं. रक्तवाहिन्या आवळून शरीर ते काही काळ सावरून धरतं.

आतड्याचं ऑपरेशन झालेले एक मास्तर आठवतात. चौथी रात्र. ताप नाही, बीपी उत्तम, चहा मागत होते. पण बोलताना वाक्य मध्येच तोडत होते. मनगट हातात धरून श्वास मोजले, 28. संध्याकाळी 18 होते. पुन्हा मोजले, तेवढेच. कॉल बुक पाठवून हाऊसमनला उठवलं. ‘सिस्टर, बीपी तर छान आहे,’ तो जरा वैतागूनच म्हणाला. पोटावर हात ठेवल्यावर मात्र गप्प झाला. आतड्याचा जोड सुटला होता. पहाटे मास्तर पुन्हा टेबलावर. सोळा दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेले.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2012 मध्ये रोग्याच्या तपासणीला गुण देण्याची एक पद्धत बसवली आणि 2017 मध्ये ती सुधारली. तिच्यात मिनिटाला 12 ते 20 श्वासांना शून्य गुण आहे. 25 किंवा जास्त असले तर एकदम 3. आणि 8 किंवा कमी असले तरीही 3! मॉर्फिनसारख्या औषधांनी श्वास असा मंदावतो. माणूस शांत झोपलाय असं घरच्यांना वाटतं. त्याला नळीनं प्राणवायू चालू असेल, तर बोटावरचा ऑक्सिमीटरही बराच वेळ 97-98 दाखवत राहतो.

करोनाच्या काळात हे यंत्र घरोघरी पोचलं. त्यामागचं तत्त्व शोधणारे जपानी अभियंता ताकुओ आओयागी नेमके एप्रिल 2020 मध्ये वारले. आपल्याकडच्या तेव्हाच्या सरकारी सूचनांत ऑक्सिजनच्या आकड्याबरोबर श्वासांचाही आकडा होता. 24 च्या पुढे गेल्यास आजार ‘सौम्य’ धरायचा नव्हता. पण लोकांनी लक्षात ठेवला तो यंत्रावरचा आकडा.

घरी आजारी माणूस असेल तर एवढं करा. तो चालून आलेला नसावा, पाच-दहा मिनिटं स्वस्थ असावा. ‘श्वास मोजते हं’ असं सांगू नका. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. नाडी बघितल्यासारखं मनगट धरा आणि नजर छातीवर ठेवा, नाही तर पोटावर. वर-खाली मिळून एक. घड्याळाचं पूर्ण मिनिट. डॉक्टरांना फोन करताना ‘बाबांना कसंतरीच होतंय’ एवढ्यावर थांबू नका. ‘सकाळी 16 होते, आता 26 आहेत आणि एक वाक्य सलग बोलवत नाही,’ असं सांगा. फोन लागलाच नाही, तर रिक्षा बोलवा आणि दवाखाना गाठा.