तसबीर वाचावी कशी?

शाळेतील तसबिरींना आपण हार घालतो. त्या वाचावयास मात्र कोणी शिकवीत नाही. जाक लुई दाविद या चित्रकाराने १८१२ साली रंगविलेला नेपोलियन पाहावा. घड्याळात पहाटेचे चार वाजून गेले आहेत, मेणबत्त्या सरत आल्या आहेत, मेजावर कायदेसंहिता आहे. प्रजेसाठी रात्र जागविणारा हा सम्राट! प्रत्यक्षात तो या चित्रासाठी चित्रकारासमोर बसलाच नव्हता. आणि त्याच वर्षी त्याने लाखो सैनिकांना रशियात मरणाच्या दारी नेले.

दूर कशाला? देवगड तालुक्यातील विजयदुर्ग १७५६ साली इंग्रजांनी घेतला, तेव्हा आंग्र्यांचे आरमार जळाले. तो प्रसंग १७७१ साली डॉमिनिक सेरे यांनी रंगविला, तोही इंग्लंडात. म्हणून चित्रातील तेजापुढे हात जोडण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी एवढेच विचारावे : हे रंगविले कोणी, आणि कोणासाठी?