खडकांची उत्पत्ती व वर्गीकरण

एका किंवा अनेक खनिजांच्या नैसर्गिक रीत्या तयार झालेल्या समुच्चयास खडक म्हणतात. रंग, कठिनता वा थरांची मांडणी यांसारख्या बाह्य लक्षणांवरून खडक ओळखण्यास मदत होते. परंतु त्यांचे मुख्य वर्गीकरण उत्पत्तीवर आधारलेले असते. त्यानुसार अग्निज, गाळाचे व रूपांतरित असे तीन वर्ग करतात. केवळ बाह्य रूप पाहून वर्ग ठरविल्यास फसगत होते, याचे चांगले उदाहरण पुणे जिल्ह्यात देहूरोडच्या आसपास मिळते.

पवना व इंद्रायणी या नद्यांच्या दरम्यान असलेल्या या भागातील टेकड्या दुरून पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. बौद्ध लेणी असलेला घोरावडेश्वरचा (शेलारवाडीचा) डोंगर त्यांपैकीच होय. त्याचे जवळजवळ आडवे थर पाहता तो पाण्यात साचलेल्या गाळाचा असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हे थर लाव्ह्याचे असून त्यांचा खडक बेसाल्ट हा आहे. अशा थरांच्या राशीला दक्षिण ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हे नाव पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेले आहे.

बेसाल्टाच्या उत्पत्तीविषयी अठराव्या शतकात यूरोपातही मोठा वाद झाला होता. जर्मन भूवैज्ञानिक व्हेर्नर (१७४९–१८१७) व त्यांचे अनुयायी बेसाल्ट हा समुद्राच्या पाण्यातून साचलेला खडक मानीत. उलट फ्रान्समध्ये देमारे यांनी बेसाल्टाचे थर जुन्या ज्वालामुखींपर्यंत माग काढून जुळवून दाखविले. स्कॉटलंडमधील जेम्स हटन यांनी १७८५ मध्ये पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेवर आधारलेला सिद्धांत मांडला. वितळविलेला बेसाल्टी खडक जलद निवविल्यास काच बनते व सावकाश निवविल्यास स्फटिकमय दगड बनतो, हे जेम्स हॉल यांनी १७९८ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. तेव्हापासून उत्पत्तीचा पुरावा खडकाच्या अंतरंगात शोधण्याची पद्धत दृढ झाली.

अग्निज खडक : तप्त शिलारस थिजून हे खडक तयार होतात. त्यांचे वर्गीकरण वयन (कणांचे आकारमान व मांडणी) आणि रासायनिक संघटन यांवरून करतात. शिलारस खोल जागी फार सावकाश निवाला, तर स्फटिक मोठे होतात व ग्रॅनाइट, गॅब्रो यांसारखे पातालिक खडक बनतात. तो पृष्ठावर येऊन जलद निवाला, तर सूक्ष्मकणी ज्वालामुखी खडक बनतात. भेगांत घुसून थिजलेल्या शिलारसाच्या भिंतीसारख्या राशींना भित्ती म्हणतात. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत त्या विपुल आहेत व त्या मुख्यतः मध्यमकणी डोलेराइटाच्या आहेत. बेसाल्ट, डोलेराइट व गॅब्रो यांचे संघटन सारखेच असते, भेद फक्त वयनाचा असतो.

सिलिकेचे प्रमाण सु. ६६ टक्क्यांहून अधिक असल्यास अम्ल, ५२ ते ६६ असल्यास मध्यम, ४५ ते ५२ असल्यास अल्पसिकत व त्याहून कमी असल्यास अत्यल्पसिकत असे प्रकार करतात. ग्रॅनाइट अम्ल, तर बेसाल्ट अल्पसिकत आहे. मुंबईच्या जुन्या इमारतींत वापरलेला पिवळसर मालाड दगड हा मध्यम संघटनाचा ट्रॅकाइट होय.

दक्षिण ट्रॅपचे बहुतेक उद्गिरण सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी झाले. त्याचा मोठा भाग दहा लाख वर्षांहूनही कमी काळात बाहेर पडला, असे किरणोत्सर्गी कालमापनावरून दिसून आले आहे. ट्रॅपने आज सु. ५ लाख चौ. किमी. प्रदेश व्यापलेला आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. वरच्या भागात मात्र वायू निसटल्याने राहिलेल्या पोकळ्या असतात. पुढे त्यांत झिओलाइटे, क्वॉर्ट्झ, कॅल्साइट इ. खनिजे साचतात. अशा पोकळ्या गाळाच्या थरांत नसतात. थराच्या उत्पत्तीची ती ठळक खूण होय.

गाळाचे खडक : हवा, पाणी इत्यादींमुळे जुने खडक झिजून निघालेला माल वाहत जाऊन साचतो, दाबाने घट्ट होतो व कॅल्साइट, सिलिका यांसारख्या द्रव्यांनी सांधला जाऊन खडक बनतो. गोट्यांपासून पिंडाश्म, वाळूपासून वालुकाश्म व चिखलापासून शेल तयार होतो. काही चुनखडक विद्राव्यातून साक्याच्या रूपाने वा शंखशिंपल्यांपासून, तर दगडी कोळसा वनस्पतींच्या अवशेषांपासून बनतो. जीवाश्म मुख्यतः याच वर्गात आढळतात. भूपृष्ठाचा बराचसा भाग या खडकांनी आच्छादिलेला असला, तरी भूकवचाच्या घनफळात त्यांचा वाटा अल्प आहे. महाराष्ट्रात चंद्रपूर व नागपूर जिल्ह्यांतील कोळशाचे गोंडवनी थर व चंद्रपूर-यवतमाळ भागातील चुनखडक ही यांची महत्त्वाची उदाहरणे होत.

रूपांतरित खडक : उष्णता, दाब व क्रियाशील द्रव यांच्यामुळे मूळचा खडक न वितळता, घन स्थितीतच, नवी खनिजे व नवे वयन धारण करतो. शिलारसाशेजारी होणारे रूपांतरण संस्पर्शी, तर पर्वतनिर्मितीच्या वेळी विस्तृत क्षेत्रात होणारे प्रादेशिक होय. शेलपासून क्रमाने पाटीचा दगड, फायलाइट, सुभाजा व अखेरीस पट्टिताश्म बनतो. चुनखडकाचा संगमरवर व वालुकाश्माचा क्वॉर्ट्झाइट होतो. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील मँगॅनिजाची धातुके अशाच रूपांतरित खडकांत आहेत.

तिन्ही वर्गांचा एकत्र पुरावा लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे मिळाला. १९९३ च्या भूकंपानंतर तेथे पाडलेल्या ६१७ मी. खोल वेधनछिद्रात प्रथम सु. ३३८ मी. बेसाल्ट, त्याखाली सु. ८ मी. गाळाचे थर व त्याखाली प्राचीन रूपांतरित खडक लागले. देहूरोडचा बेसाल्टही अविकारी नाही. तो झिजून मुरूम व काळी माती होते, नद्या तो गाळ वाहून नेतात आणि त्यापासून पुढे गाळाचे खडक व कालांतराने रूपांतरित खडक बनू शकतात. ते वितळल्यास पुन्हा शिलारस तयार होतो. यालाच खडकांचे चक्र म्हणतात.

वर्गीकरणाचा व्यवहारातही उपयोग होतो. वालुकाश्मात कणांमधील फटींतून पाणी मुरते व सर्वत्र साठते. घट्ट बेसाल्टात अशा फटी नसतात, म्हणून पाणी वरच्या मुरमात, सांध्यांत व थरांच्या पोकळ्यायुक्त भागातच राहते. यामुळे ट्रॅपच्या प्रदेशात जवळजवळच्या दोन विहिरींपैकी एकीला भरपूर पाणी लागते व दुसरी कोरडी पडते. पुणे, पिंपरी-चिंचवड व चाकण या वाढत्या औद्योगिक पट्ट्यात खडीसाठी टेकड्या फोडताना किंवा मुरूम खणून काढताना दगडाबरोबर पाणी मुरण्याची जागाही नाहीशी होते. एकदा काढलेला मुरूम पुन्हा तयार होण्यास मानवी आयुष्याच्या मानाने फार दीर्घ काळ लागतो.